सोडलं नाही, सुटलं : शुक्रवार पेठेतल्या एका देव्हाऱ्याचं प्रकरण

५ ऑगस्ट २०२४. श्रावण त्या दिवशी सोमवारीच लागला होता. सकाळी नऊच्या सुमाराला कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतून एका सुनेचा फोन आला. "ताई, आत्तींनी तीन दिवस झाले देव धुतले न्हाईत. आज श्रावणातला पहिला सोमवार, तरी चहा-चपाती खाऊन बसल्यात. येऊन बघता का जरा?"

मी ज्येष्ठांच्या एका विरंगुळा केंद्रात आठवड्यातून तीन दिवस समुपदेशनाला बसते. कुणी बाथरूममध्ये पडलं, कुणी इस्टेटीवरून लेकाशी बोलणं टाकलं, कुणी रात्रभर जागून घरभर दिवे लावतं, असले फोन नेहमीचे. देव न धुतल्याची तक्रार पहिल्यांदाच आली. खाली लिहिलंय ते त्या घराच्या परवानगीनं. नावं गाळलीत, ओळख पटेल असे दोन-तीन तपशील बदललेत. ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांना नुसतं काकू म्हणते. वय ७६, मधुमेह जुना, दोन्ही गुडघे झिजलेले. घरात मुलगा, सून, एक नात, एक नातू.

मी पोचले तेव्हा घरात तीन निदानं तयार होती. सून म्हणाली, आत्ती देवावर रुसल्यात. मुलगा म्हणाला, विसरायला लागलीय, मेंदूच्या डॉक्टरला दाखवू. मुलीचा पुण्याहून फोन येऊन गेला होता, तिच्या मते काहीतरी बाहेरचं झालेलं. माझ्या डोक्यात चौथं होतं, नैराश्य. घरात पाऊल टाकायच्या आधीच मी ते ठरवून टाकलं होतं, आणि त्यापायी पहिले दोन आठवडे वाया घालवले.

घाबरण्यासारखं काय होतं, ते या बाईंची पूजा माहीत नसलेल्याला कळायचं नाही. "आत्तींची पूजा दोन तास चालते" हे सून शेजारणींना कौतुकानं सांगायची. पहाटे उठून आंघोळ, परसातली जास्वंद आणि तगर, तांब्याचा तांब्या चिंचेनं लखलखीत, एकेक टाक पाण्यातून काढून पुसणं, गंध, अक्षता, मग तोंडपाठ स्तोत्रं. काकूंचा आवाज खणखणीत, गल्लीत ऐकू जायचा. तो एका शुक्रवारी बंद झाला आणि घर हादरलं.

आधीची साठ वर्षं

पहिल्या तीन भेटींत मी आजार शोधत होते, काकू आयुष्य सांगत होत्या. वही माझ्या हातात होती म्हणून ते उतरलं तरी.

जन्म १९४८चा, उत्तरेश्वर पेठेतला. दिवेलागणीला भावंडांनी रांगेनं उभं राहून शुभंकरोती म्हणायचं, चुकलं की थोरल्या चुलत्याची चापट. "देव म्हणजे चुलत्याचाच थोरला भाऊ वाटायचा," असं त्या म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. हादग्याला गाणी म्हणायची ती मात्र नुसत्या आनंदानं, तिथं खिरापत काय असेल एवढीच चिंता. भीती एकीकडं आणि गंमत एकीकडं. दोन्ही देवाच्याच नावानं चाललेलं, पण त्यांची गाठ कधी पडली नाही.

लग्न १९६७ला. नवरा शिवाजी उद्यमनगरात लेथवर. सहा वर्षं मूल नाही. इथून पुढं काकूंची प्रार्थना व्यवहाराची झाली, आणि हे मी माझ्या पदरचं म्हणत नाही. त्यांचाच शब्द आहे, "हिशेब". माघात जोतिबाचे खेटे असतात. पाच रविवार कोल्हापुरातून अनवाणी चालत वाडी रत्नागिरीचा डोंगर चढायचा. जोतिबा हिमालयाकडं परत निघाला तेव्हा त्याला थांबवायला अंबाबाई स्वतः चालत गेली, त्याची ही आठवण, असं सांगतात. काकूंनी सलग तीन माघ खेटे घातले. कुशिऱ्याच्या पुढं चढ लागला की प्रत्येक वळणावर देवाला बजावायच्या, "हे बघ, हे बी वळण आलं. लिहून ठेव." १९७३ साली मुलगा झाला. बोलल्याप्रमाणं पोराच्या भारंभार गूळ डोंगरावर नेला. हिशेब चुकता.

पुढची पस्तीस वर्षं त्यांनी चार वाक्यांत उरकली. पोराला गोवर आला तेव्हा मागितलं, मालकांचा कारखाना बंद पडला तेव्हा मागितलं, लेकीचं स्थळ बघताना मागितलं. बसून पूजा करायला वेळ कुणाला होता? नाम घ्यायचं ते भाकरी थापताना, थापेगणिक एक. अंबाबाईला दर शुक्रवारी जायचं आणि नवरात्रात खण-नारळानं ओटी भरायची. ओटी भरताना मान वर करून देवीकडं बघायचं, बोलायचं काही नाही. बाईचं बाईला कळतं.

२००८ साली नवरा गेला. त्यानंतरचं मी जरा सविस्तर लिहिते, कारण सगळं प्रकरण माझ्या मते तिथून वळलं, आणि घरच्यांनी सांगितलेल्या हकिकतीत त्याचा उल्लेखही नव्हता.

वर्ष उलटल्यावरच्या नवरात्रात काकू जावेबरोबर देवळात गेल्या. ताट नेहमीसारखं भरलेलं, हिरवा खण, नारळ, तांदूळ. महाद्वाराशी जावेनं ते ताट हळूच त्यांच्या हातातनं काढून घेतलं. वाईट बोलली नाही, उलट खांद्यावर हात ठेवला. देवळात कुणी अडवलं नसतं. पण ओटी सवाष्णीनं भरायची हा रिवाज ज्या हातांत मुरलेला असतो ते हात आपोआप पुढं येतात. काकू आत गेल्याच नाहीत. पायरीशी चप्पल राखत बसल्या. "म्हटलं, इतकी वर्षं मी आले. आता तू ये भायेर."

पुढं दोन वर्षं त्यांनी देवळाचं तोंड बघितलं नाही. मग घरातला देव्हारा हातात घेतला. तोवर तो सासूचा होता. सासू गेल्यावर कुणीतरी करायचं म्हणून त्या करत होत्या. आता त्यांनी तो स्वतःचा केला. दोन तासांच्या पूजेचं मूळ हे. सुनेला वाटायचं वय झालं, मोकळा वेळ आला, म्हणून देवाधर्माचं वाढलं. ज्या हातांतनं ताट गेलं होतं त्या हातांना काम हवं होतं, हे काकूंनी सांगेपर्यंत मलाही सुचलं नव्हतं.

मे २०२२मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनीही तो कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. नातीनं मोठ्या उत्साहानं आज्जीला बातमी वाचून दाखवली. काकूंनी ऐकली, चष्मा पुसला, म्हणाल्या, "बरं झालं. मला चौदा वर्षं उशीर झाला."

पिठातला जोतिबा

ऑगस्ट २०१९मध्ये पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्याशी ५५ फुटांवर गेलं. इशाऱ्याची पातळी ३९ आणि धोक्याची ४३, हे आकडे इथल्या पोरांनाही पाढ्यासारखे पाठ असतात. शुक्रवार पेठेतल्या या घरात कमरेएवढं पाणी आलं. निघायच्या घाईत काकूंनी देव्हाऱ्यातले सगळे देव, टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, हाताला लागेल त्या स्टीलच्या डब्यात कोंबले. तो निघाला ज्वारीच्या पिठाचा, तळाशी ओंजळभर पीठ शिल्लक असलेला. राजारामपुरीत नणंदेच्या घरी पोचल्यावर डबा उघडला. जोतिबाचा टाक पिठानं असा माखलेला की घोडा कुठला आणि देव कुठला कळेना.

"मला हसू फुटलं, ताई. सगळं गाव रडायलंय, माझं घर पाण्यात, आणि मी हसायलीय. आयुष्यात पहिल्यांदा देवाला हसले. आणि त्यानं काय केलं न्हाई."

आठ दिवस खिडकीच्या कट्ट्यावर स्टीलच्या ताटलीत देव मांडले होते. चिंच नाही, तगर नाही, सोवळं नाही. चुलत्याच्या चापटीपासूनची भीती त्या आठवड्यात संपली, असं काकूंचं म्हणणं.

२०२१च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, तेव्हा मुलानं शहाणपणानं देव्हारा कायमचा माडीवर नेला. चौदा पायऱ्या. काकूंचं अंथरूण खाली, कारण गुडघे. देव वर, कारण पूर. घरातल्या कुणालाही या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघायचं सुचलं नव्हतं. मला सुचलं ते एकदा त्यांच्यामागोमाग जिना चढताना. हातात पाण्याचा तांब्या, दुसरा हात कठड्यावर, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय. सातव्या पायरीला थांबून म्हणाल्या, "इथं खरी पूजा होते. नाव घेतल्याबिगर पाय उचलत न्हाई."

तपासण्या

वृद्धांमधलं नैराश्य चाचपायला पंधरा प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात, उत्तरं हो किंवा नाही. पाचाच्या वर गुण गेले की पुढं बघायचं. काकूंना तीन मिळाले. त्यातला एक गुण दुसऱ्या प्रश्नाचा : पूर्वीची बरीच कामं आणि आवडी तुम्ही सोडून दिल्यात का?

"सोडल्या न्हाईत. सुटल्या."

मी म्हटलं, कागदावर फक्त हो किंवा नाही लिहायचंय.

"मग तुमच्या कागदाला मराठी येत न्हाई."

गुण मी मांडला, नियम तसा आहे. पण त्या दिवशी घरी जाताना नैराश्याचं माझं निदान मी मनातल्या मनात मागं घेतलं. भूक नीट, झोप वयाच्या मानानं ठीक, नातवाच्या खोड्यांवर हसू येतंय, संध्याकाळी गल्लीतल्या बायकांत बसणं चालू. ज्याचं मन विझतं त्याचं सगळीकडचं विझतं. इथं एका देव्हाऱ्यापुरताच अंधार होता.

डॉक्टरांकडं नेलं. मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की काहींच्या अंगातलं बी-१२ घटतं, त्यात खाणं शाकाहारी, तेव्हा ते कमी निघालं यात नवल नव्हतं. इंजेक्शनं सुरू झाली, पायाच्या मुंग्या पुढच्या दोन महिन्यांत बऱ्याच उतरल्या. थायरॉइड ठीक. उपासाचं कोडंही तिथंच सुटलं. आषाढी एकादशीला उपाशीपोटी साखर उतरवायची गोळी घेऊन काकू मोरीपाशी भोवंडून खाली बसल्या होत्या, घरात कुणाला न सांगता. सोमवारची चपाती त्यामुळं. स्मरणशक्तीच्या चाचणीत थोडी घसरण दिसली. लगेच नाव द्यावं इतकी नाही, पण सहा महिन्यांनी पुन्हा बघावं इतकी. मुलाचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं, हे मी इथं नोंदवते.

मग नातीनं मोबाइल पुढं केला.

आदल्या दसऱ्याला तिनं आज्जीचं स्तोत्र सहज म्हणून रेकॉर्ड केलं होतं, जिन्यात बसून. म्हणायला नऊ-दहा मिनिटं लागावीत असं ते स्तोत्र, आणि रेकॉर्डिंग बावीस मिनिटांचं. आम्ही दोघी कान देऊन ऐकायला बसलो. साधारण मध्यावर एक ओळ येते, तिचा शेवट आधी येऊन गेलेल्या एका ओळीसारखाच आहे. तिथं आलं की काकू मागच्या ओळीवर जात होत्या आणि तिथून पुन्हा पुढं. तेच आठ चरण चार वेळा आले. पाचव्या खेपेला कशीबशी वाट सापडली आणि स्तोत्र पार पडलं. आवाज मात्र प्रत्येक फेरीला जास्त चढलेला.

पाठांतर असंच असतं. लहानपणी घोकलेलं शब्दांच्या साखळीनं मनात बसतं, मागची कडी पुढचीला ओढते, अधली कडी सुटी काढून दाखव म्हटलं तर येत नाही. दोन कड्या सारख्या दिसल्या की साखळी भलतीकडं जोडली जाते. तरुणपणी आपण त्याच क्षणी सावरतो, उतारवयात ते सावरणं मंदावतं. म्हणजे ज्या वर्षांत घर कौतुकानं "दोन तासांची पूजा" म्हणत होतं, त्यातलं निदान शेवटचं एक वर्ष काकू त्या पूजेत वाट चुकून फिरत होत्या.

त्यांना ठाऊक होतं. विचारलं तर पदराशी चाळा करत म्हणाल्या, "कळतंय की. गाडी फिरून त्याच स्टँडावर येते. खालनं सून ऐकायलीय म्हणून मोठ्यानं म्हणायची, म्हणजे सगळं नीट चाललंय असं वाटावं." मग बराच वेळ गप्प. "लाज वाटायची. देवाची न्हाई. सुनेची."

मी काय केलं, त्यातलं काय फसलं

पहिला उपाय माझाच, आणि सपशेल पडला. स्तोत्रांची रेकॉर्डिंगं छोट्या स्पीकरवर लावायची आणि काकूंनी बरोबर म्हणायचं. तीन दिवसांत स्पीकर कपाटात गेला. "ती बाई लई पळते. माझा श्वास पुरत न्हाई, आणि ती काय थांबत न्हाई." मी संथ आवाजातलं शोधून दिलं, तेही नको झालं. आता वाटतं, मी पूजा दुरुस्त करायला निघाले होते. पूजा मोडली आहे असं काकूंनी मला कधी म्हटलंच नव्हतं.

म्हणून सरळ विचारलं. पूर्वी पूजेला बसायच्या त्या वेळी आता काय करता? स्वयंपाकघराच्या खिडकीशी एक बुटका स्टूल आहे, तिथं बसते, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी गेले आणि शेजारी पाटावर बसले. काकूंचे हात मांडीवर, उताणे. चिंचेनं तांबं घासून अंगठ्याच्या पेराला पडलेला काळसर घट्टा अजून तसाच. परसात तगरीचा सडा पडलेला, कुणी वेचलेला नाही. पाऊण तासात त्या एकदाच बोलल्या, मांजराला.

"मनात काय म्हणता?"

"काय म्हणायचं? मागायचं व्हतं ते मागून झालं. काही दिलं, काही न्हाई. भांडून झालं. आता त्यालाबी ठाऊक हाय, मलाबी ठाऊक हाय. बसायचं."

स्वीडनचे समाजशास्त्रज्ञ लार्स टॉर्नस्टाम यांनी १९८९मध्ये असं मांडलं की फार उतारवयात काही माणसांची नजरच बदलते. वस्तूंची आणि वरवरच्या भेटीगाठींची ओढ कमी होते, एकटं बसावंसं वाटतं, मरणाची भीती ओसरते. मधल्या वयाची माणसं स्वतःच्या मापानं मोजून त्याला खचणं समजतात. हे सगळ्यांना लागू पडतं असं मी मानत नाही. केंद्रात येणारे कितीतरी आजोबा ऐंशीतही देवाशी भाडेकरूच्या खटल्याचा हिशेब करत असतात. पण काकूंच्या शेजारी पाटावर बसले असताना मला ते आठवलं.

केंद्रात मला आणखी एक दिसत आलंय. साठीनंतर माणूस देवाला लागतो म्हणतात, ते बहुतेक पुरुषांचं बघून. नोकरी सुटली की ते पूजा सुरू करतात, सोवळं विकत आणतात, पंचांग वाचायला लागतात. बायकांची पूजा तोवर चाळीस वर्षं झालेली असते, आणि तिच्यातला मोठा भाग कामाचाच असतो : घासणं, वेचणं, वळणं, रांधणं. अंगातली ताकद गेली की आधी ते काम गळतं. बाहेरून बघणाऱ्याला भक्तीच गळाली असं दिसतं, कारण इतकी वर्षं त्याला कामच दिसत होतं.

घरच्यांना एकत्र बसवायला दोन रविवार लागले. रेकॉर्डिंगची गोष्ट सांगू का, असं काकूंना आधी विचारलं. म्हणाल्या, "सांगा, पण मी नसताना." सून ऐकून रडली. ती रोज खालून ऐकत होती ते कौतुकानं, चुका धरायला नव्हे, आणि हे सासूला माहीतच नव्हतं. मुलगा हट्टाला पेटला की देव्हारा आजच्या आज खाली आणतो. पुराचं काय, असं काकूंनीच विचारलं. शेवटी जोतिबाचा टाक आणि अन्नपूर्णा एवढे दोघं खाली आले, खिडकीशेजारच्या कोनाड्यात. बाकीचे माडीवर राहिले.

वरची पूजा मुलानं घेतली. वय ५१, यापूर्वी गणपतीखेरीज कधी पळी-पंचपात्र हातात धरलं नव्हतं. पहिल्या दिवशी वरून ओरडला, "आई, आधी गंध का आधी फूल?" काकू खालून म्हणाल्या, "कसंबी घाल. घसरून पडला न्हाई म्हणजे झालं." सुनेला हे आवडलं नाही, तिला रीत हवी आहे. शुक्रवारी ती स्वतः करते आणि नवऱ्याच्या सहा दिवसांची कसर भरून काढते. दोघांचं त्यावरून वाजतं. ते माझ्या कामात बसत नाही म्हणून मी मध्ये पडले नाही.

पुण्याच्या मुलीची समजूत मी काढू शकले नाही. तिनं मंतरलेला दोरा पाठवला, काकूंनी तो तगरीच्या फांदीला बांधला.

शेवटची भेट

२०२५च्या माघात पाठपुराव्याला गेले. नातू मित्रांबरोबर पहिल्यांदाच खेट्याला निघत होता, खांद्याला पिशवी, कानात इअरफोन. सून पायांत चप्पल घाल म्हणून मागं लागलेली, तो अनवाणीच जाणार म्हणून अडलेला. काकूंनी त्याला स्टुलापाशी बोलावून तळपाय बघितले आणि कुशिऱ्यापर्यंत चप्पल घाल, चढ लागला की काढ, असा निवाडा दिला. त्यानं विचारलं, "आज्जी, तुझ्यातर्फे काय मागू?"

"गुलाल आण थोडा. गेल्या वर्षीचा संपलाय."

बी-१२ आता ठीक आहे. स्मरणशक्तीच्या दुसऱ्या चाचणीत गुण एकानं कमी आले. वयानं येणारी ही चढउतार की आणखी काही, ते पुढच्या चाचणीत कळेल. स्तोत्र म्हणणं पूर्ण थांबलंय. कोनाड्यातल्या दोन देवांना आंघोळ कधी असते, कधी नसते. तगरीचं एक फूल रोज असतं, पण ते खाली पडलेलंच. वाकून उचलायला जमतं का, असं मी विचारलं, तर काठीच्या टोकानं ओढून घेते म्हणाल्या. स्टुलाला पाठ टेकायला काही नाही, मुलाला हात असलेली खुर्ची आणायला सांगितली आहे. पुढची भेट जूनच्या पहिल्या आठवड्यात, नदीला पाणी यायच्या आत.